तबकडी, पिन आणि आपला हात



एखादी बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलू लागली की आपण म्हणतो, "हिची पिन अडकली बघा." ही पिन कसली, ते आताच्या मुलींना ठाऊक नसतं. ती ग्रामोफोनची पिन. तबकडीला चरा पडला की पिन त्याच खाचेत फिरत राहायची आणि गाण्याचा तेवढाच तुकडा वाजत राहायचा. यंत्र घरातून गेलं, बोलणं मात्र राहिलं.

पण तबकड्या सगळ्या गेलेल्या नाहीत. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी अजून अनेक घरांत त्या पडून आहेत. कुणाच्या आजेसासूच्या, कुणाच्या वडिलांनी हौसेने घेतलेल्या. गटातल्या बायका विचारतात, "ताई, या वाजवायच्या तर कोणतं यंत्र घ्यावं? आणि आणलं तरी त्याची जोडणी आपल्याला जमेल का?" दुकानात विचारलं तर टर्नटेबल, कार्ट्रिज, प्रीअँप असे शब्द कानावर येतात आणि बाई तिथूनच परत फिरते.

म्हणून आज या यंत्राचा इतिहास सांगते. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या प्रवासात एक प्रश्न सारखा समोर येतो: तबकडीवर पिन ठेवायची कुणी? आधी हे काम घरातल्या कुणालाही जमण्यासारखं होतं. मग ते जाणकारांचं झालं. पुढे कंपन्यांनी ते पुन्हा सोपं केलं. मात्र सोपं करताना दर वेळी कशाची तरी किंमत मोजावी लागली. ती कोणती, हे कळलं की आपल्यासाठी यंत्र निवडणं अवघड राहत नाही.

लाखेची तबकडी

आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं पहिलं यंत्र अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७७ साली केलं. त्यात तबकडी नव्हती. लाटण्यासारखा एक गोल दांडा होता आणि त्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. बोललं की सुई त्या पत्र्यावर खुणा उमटवी, आणि त्याच खुणांवरून सुई पुन्हा फिरवली की आवाज परत येई.

दहा वर्षांनी, १८८७ साली, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या एमिल बर्लिनर यांनी दांड्याऐवजी सपाट तबकडीचं पेटंट घेतलं. यंत्राला नाव दिलं ग्रामोफोन. सपाट तबकडीचा फायदा आपल्याला लगेच कळेल. मोदकाचा साचा एकदा नीट झाला की त्यातून हवे तितके मोदक निघतात. तसा तबकडीचा साचा करून एकाच गाण्याच्या हजारो तबकड्या काढता येऊ लागल्या.

या तबकड्या कशाच्या करायच्या? बर्लिनर यांनी जस्त वापरून पाहिलं, कडक रबर वापरून पाहिलं. शेवटी १८९० च्या दशकात लाख कामी आली. हीच ती आपली लाख, बांगड्यांची, दागिन्यांत भरायची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो आणि अंगाभोवती राळेसारखं आवरण करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडी करतात. सुतार लाकडाला पॉलिश करायला जी चपडी वापरतात तीच. जगातली बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरचं जंगल हे तिचं मोठं ठिकाण, आणि आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाही पळसावर लाख घेतात. झाडावरून लाख काढणाऱ्या आणि खरवडणाऱ्यांत बायकाही होत्या. परदेशी कारखान्यात या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळत आणि त्या गरम गोळ्यावर साचा दाबत. अशी व्हायची ती काळी, जड, पडली की काचेसारखी फुटणारी तबकडी.

आवाज कुणाचे होते?

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग नावाचे ध्वनिमुद्रक लंडनच्या ग्रामोफोन कंपनीकडून कोलकात्याला आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणारीने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचं. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात सगळा राग आटोपायचा. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात निघायच्या, आणि कोणती तबकडी कुणाची हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही सोय होती.

तेव्हा बरेच नामवंत गवई यंत्रापुढे गायला कचरत. कुणाला वाटे विद्या चोरीला जाईल, कुणाला तीन मिनिटांत गाणं म्हणजे गाण्याचा अपमान वाटे. तवायफ, कलावंतीण अशा घराण्यांतल्या बायका मात्र पुढे आल्या. गाणं हेच त्यांचं पोट होतं, आणि नव्या यंत्राने गाणं लांबवर पोचतं हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्या लावण्या आणि भजनांच्या तबकड्या घरोघर गेल्या. प्रभातच्या १९३९ च्या 'माणूस' चित्रपटात नायकाच्या आईचं काम केलं त्या याच सुंदराबाई. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक असलेल्या हिराबाई बडोदेकर यांचा आवाजही तबकडीवरूनच खेड्यापाड्यांत पोचला.

यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या बाईला तेव्हाच्या प्रतिष्ठित घराच्या उंबऱ्याआत मानाने बोलावलं गेलं नसतं, तिचा आवाज तबकडीतून त्या घरात शिरला आणि माजघरातल्या बायकांनी तो ऐकला. पण यंत्र महागाचं होतं. ते बहुधा बैठकीच्या खोलीत असे आणि त्याला चावी देणारा हात बहुधा घरच्या कर्त्याचा असे. गाणारी बाई, ऐकणाऱ्या बाया, पण पिन ठेवणारा हात दुसऱ्याचा, असं बरीच वर्षं चाललं.

चावीचं यंत्र: वीज नको, जाणकार नको

खरं तर ते यंत्र चालवायला काही विशेष शिकावं लागत नव्हतं. पेटीच्या बाजूला चावीचा दांडा असे. तो फिरवला की आतली स्प्रिंग आवळली जाई आणि ती सैल होताना थाळी फिरे, मिनिटाला सुमारे ७८ फेरे. चावी कमी पडली की गाणं मधेच भसाडं आणि संथ होई. तबकडी लावायची, नवी पिन बसवून स्क्रू आवळायचा, पिन कडेच्या खाचेत हलकेच टेकवायची, संपलं की उचलायची. पिनेची थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला पोचे आणि तिथून कर्ण्यात. वीज कुठेच लागत नसे. म्हणून ज्या गावात दिव्याचा खांब नव्हता तिथेही ग्रामोफोन वाजला.

जपायची गोष्ट एकच होती, पिन. पोलादी पिन एका बाजूला एक, असा नियम होता. तो कंपनीने पिना खपवायला केला असं पुष्कळांना वाटायचं. पण त्याला कारण होतं. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असे आणि ते सगळं पिनेच्या टोकावर पडे. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करी. म्हणजे तबकडी मुद्दाम कडक ठेवलेली, झिजायचं ते पिनेने. तीन मिनिटांनी त्या टोकाला धारदार कडा आलेल्या असत. तीच पिन दुसऱ्या तबकडीवर ठेवली की त्या कडा खाच कापत. एका पिनेत दहा गाणी वाजवून काटकसर केली, असं ज्या घरात झालं, तिथल्या तबकड्या आज नुसत्या खरखरतात. वाचली ती दोन पैशांची पिन आणि गेला तो गाणारीचा आवाज.

१९०८ साली कोलकात्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि १९२८ साली तो डमडमला गेला. आता तबकड्यांना परदेशवारी नको झाली. कुत्रा छाप तबकडी खेड्याच्या बाजारातही दिसू लागली. लग्नाच्या मांडवात आणि गणपतीपुढे ती पुढे कैक वर्षं वाजली.

तबकडी हलकी झाली, काम नाजूक झालं

१९४८ साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने लाँग प्ले, म्हणजे एलपी, तबकडी आणली. ती लाखेची नव्हती, विनाइल नावाच्या प्लॅस्टिकची होती. मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणं. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. जास्त गाणं मावायचं तर खाच बारीक हवी. जुनी ७८ ची खाच हिच्या तिप्पट रुंद. एलपीची खाच आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या आसपास.

मग पोलादी पिन आणि शंभर ग्रॅम वजन कसं चालणार? त्या पिनेने विनाइल एका फेरीत खरवडून निघेल. म्हणून पिनेच्या जागी नीलमणी किंवा हिऱ्याचं सूक्ष्म टोक आलं आणि वजन काही ग्रॅमवर आलं. आपल्या एका रुपयाच्या नाण्याचं वजन तीन-चार ग्रॅम असतं. त्याहून हलका भार टोकावर हवा, इतकं हे काम नाजूक झालं.

एवढ्या हलक्या टोकाच्या थरथरीने कर्णा वाजणार नाही. त्या थरथरीची वीज करावी लागते आणि ती अँप्लिफायरने वाढवावी लागते. ही वीज करणारी बोटाच्या पेराएवढी डबी म्हणजेच कार्ट्रिज. शब्द परका आहे, पण वस्तू समजायला सोपी. तिचे दोन प्रकार आपल्या घरातल्या वस्तूंवरून कळतात.

पहिला प्रकार सिरॅमिक. गॅस पेटवायच्या लायटरची कळ दाबली की टक् आवाज होऊन ठिणगी पडते. आतल्या खड्यावर दाब आला की वीज होते. सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये पिनेच्या हालण्याने अशाच खड्यावर दाब येतो. वीज बऱ्यापैकी होते, त्यामुळे साध्या अँप्लिफायरवरही चालतं. पण खडा दाबायला जोर लागतो, म्हणून भार जास्त ठेवावा लागतो आणि तबकडी लवकर झिजते.

दुसरा प्रकार चुंबकाचा. सायकलच्या डायनॅमोत तारेच्या वेटोळ्यांजवळ चुंबक फिरतो आणि दिवा लागतो. या कार्ट्रिजमध्ये पिनेच्या दांडीला तिळाहून लहान चुंबक असतो आणि बाजूला तारेची वेटोळी. भार दीड-दोन ग्रॅम पुरतो, आवाज स्वच्छ येतो. पण वीज अगदी थोडी, व्होल्टचा काही हजारांशच. ती आधी वाढवायला वेगळा भाग लागतो, तोच प्रीअँप. त्याला दुसरंही एक काम असतं. तबकडी कापताना ढोलकीसारखे जाड आवाज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच नागमोडी होऊन शेजारच्या खाचेला भिडेल. बारीक आवाज वाढवून ठेवतात. वाजवताना हे उलट करून मूळ आवाज आणावा लागतो. १९५४ पासून त्यासाठी एक ठरलेलं माप वापरात आलं. म्हणून प्रीअँप नसेल तर गाणं कुजबुजल्यासारखं आणि कोरडं येतं. यंत्र बिघडलेलं नसतं, मधला भाग राहिलेला असतो.

चुंबकी कार्ट्रिज लावायचं म्हणजे आधी हाताचा तोल साधायचा. मागचं वजन फिरवून हात तराजूच्या दांडीसारखा अधांतरी आडवा राहील असं करायचं, मग हवे तितके ग्रॅम द्यायचे. कार्ट्रिज दोन बारीक स्क्रूंनी नेमक्या कोनात बसवायचं. हात आत ओढला जातो, त्याला उलटा ताण द्यायचा. यातलं काही चुकलं तर आवाज फाटतो आणि तबकडी एका बाजूने झिजते. जे काम चावीच्या यंत्रावर घरातलं पोरही करी, ते आता जाणकाराचं झालं. "हात लावू नको" ही ताकीद आधीही होती, तिला आता चांगलं कारण मिळालं.

पुन्हा सोपं करायची धडपड

कंपन्यांनाही हे कळत होतं. सगळ्या घरांत जाणकार नसतो आणि यंत्र तर सगळ्या घरांत खपायला हवं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो असे सुटसुटीत रेकॉर्डप्लेयर घरोघर आले. अशा घरगुती यंत्रांत सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असे. तोल साधायचा नाही, ग्रॅम मोजायचे नाहीत, झाकण उघडायचं आणि वाजवायचं. पुष्कळ बायकांचा हात पहिल्यांदा पिनेला लागला तो याच यंत्रांवर. किंमत काय मोजली? भार जास्त, त्यामुळे आवडीच्या तबकड्याच आधी झिजल्या.

१९७९ साली जपानच्या टेक्निक्सने एसएल-१० नावाचं यंत्र आणलं. आकार एलपीच्या कव्हराएवढा. त्यासोबत कार्ट्रिज बसवायची नवी रीत आली, तिला पी-माउंट म्हणतात. विजेची पिन बोर्डात खुपसावी तसं कार्ट्रिज हाताच्या टोकात खुपसायचं आणि एकच स्क्रू आवळायचा. सगळ्या पी-माउंट कार्ट्रिजांचं वजन आणि माप सारखं ठरवलेलं, टोकावरचा भार सव्वा ग्रॅम. तराजू नको, कोन नको. भारही कमी आणि कामही सोपं. जाणकाराचं ज्ञान कारखान्यानेच यंत्रात घालून दिलं.

पण १९८२ साली सीडी आली, कॅसेट तर आधीच घरात शिरली होती. तबकड्यांची यंत्रं खपेनाशी झाली. पी-माउंटची यंत्रं बनायची थांबली आणि त्यात बसणारी कार्ट्रिजंही हळूहळू मोजकीच उरली. ज्यांच्याकडे ती यंत्रं होती त्यांना अडचण कळली ती सुटा भाग शोधताना. यंत्र वापरायला सोपं असलं तरी त्याचा झिजणारा भाग मिळेनासा झाला की सगळंच थांबतं. आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. मशीन कितीही भारी असो, तिची सुई तालुक्याच्या बाजारात मिळत नसेल तर तिचा काय उपयोग?

पिनेसकट पाठवलेली तबकडी

सोपी जोडणी म्हणजे काय, हे सर्वांत चांगलं दाखवणारी तबकडी पृथ्वीवर नाही. तिच्यावर आपल्या भागातल्या बाईचा आवाज आहे.

१९७७ साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. न जाणो कधी कुणाला ती सापडली तर पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. तिच्यावर निरनिराळ्या देशांचं संगीत आहे. आपल्या देशाचं गाणं एकच, सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, कलावंत समाजातल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांनी ध्वनिमुद्रणं मोजकीच केली. रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी संगीत अभ्यासकांनी त्यांचं हे गाणं सुचवलं आणि ते निवडलं गेलं. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. त्यांची तबकडी घेऊन निघालेलं एक यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं.

आता आपल्या विषयाची गोष्ट. ज्याला ही तबकडी मिळेल त्याच्याकडे यंत्र असेल, त्याला आपली भाषा येत असेल, असं काहीच धरून चालता येत नव्हतं. म्हणून तबकडीसोबत कार्ट्रिज आणि पिनही ठेवली. डब्याच्या झाकणावर चित्रं कोरली: पिन कुठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. एका फेऱ्याला ३.६ सेकंद. म्हणजे तबकडी, तिला जुळणारी पिन आणि तिचा वेग, या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या. या तीन जुळल्या की कुणीही वाजवू शकेल, आणि न जुळल्या तर सोन्याची तबकडीही मुकी. आपणही घरात याच तीन गोष्टी पाहायच्या.

आज आपण काय पाहावं?

आधी यंत्र नव्हे, तबकड्या पाहा. जड, कडक, टिचकी मारली की कपासारखी वाजणारी, लेबलवर ७८ लिहिलेली तबकडी लाखेची. हलकी, जराशी वाकणारी, ३३ किंवा ४५ लिहिलेली ती विनाइलची. दोन ढीग वेगळे करा.

घरात फक्त ३३ आणि ४५ च्या तबकड्या असतील, तर आपोआप चालणारं टर्नटेबल सर्वांत सोयीचं. ऑडिओ-टेक्निका कंपनीचं एलपी६० हे त्याचं एक उदाहरण. कार्ट्रिज बसवलेलं येतं, भार कारखान्यात ठरवलेला असतो, प्रीअँप आतच असतो. आपण थाळी बसवायची, रबरी पट्टा मोटरच्या चाकावर चढवायचा, वायर जोडायची आणि बटण दाबायचं. हात आपणच जाऊन तबकडीवर टेकतो आणि गाणं संपलं की परत येतो. वयस्कर आजींचा हात थरथरत असेल तर ही मोठी सोय आहे. पिन झिजली की तेवढीच ओढून काढून नवी बसवता येते. या यंत्राची किंमत म्हणजे भार थोडा जास्त, आणि तो आपल्याला बदलता येत नाही. आणि ७८ ची तबकडी त्यावर वाजत नाही.

थोडी आणखी मेहनत चालणार असेल, तर ब्रिटनच्या रेगाचं प्लॅनर १ यासारखी यंत्रं आहेत. कार्ट्रिज कारखान्यातच नीट कोनात बसवलेलं असतं. पिन मात्र आपल्या हाताने ठेवायची आणि प्रीअँप वेगळा पाहायचा.

लाखेच्या तबकड्याही वाजवायच्या असतील, तर ७८ चा वेग असलेलं आणि पिन बदलता येणारं यंत्रच घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्समध्ये तो वेग आहे. त्याच्या कार्ट्रिजच्या व्हीएम९५ या मालिकेत ७८ साठी जाड टोकाची वेगळी पिन मिळते, आणि ती त्याच कार्ट्रिजवर चढते. भार पिनेसोबत बदलावा लागतो, तो किती ते तिच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. इथे तराजूचा तोल एकदा शिकावाच लागेल. बाजारात धान्य तोलून घेणाऱ्या बाईला तो अर्ध्या तासात जमतो. एलपीची बारीक पिन ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घसरत राहते, नुसती खरखर येते आणि पिनही बिघडते.

घरात चावीचा ग्रामोफोन चालू असेल तर तो फक्त लाखेच्या तबकड्यांसाठी. दर बाजूला नवी पोलादी पिन. विनाइलची तबकडी त्यावर चुकूनही लावू नका, एका फेरीत संपेल.

पेटीतली स्वस्त, रंगीत यंत्रंही मिळतात. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ऐकून पाहायला ठीक, पण जी तबकडी पुन्हा कुठे मिळणार नाही ती त्यावर रोज लावू नये.

कोणतंही यंत्र घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. पिन सुटी मिळते का, आणि किती दिवसांत? प्रीअँप आत आहे का? माझ्या तबकड्यांचा वेग यात आहे का? आणि त्याच्यासमोर पिन एकदा स्वतः काढून परत बसवून पाहा.

घरी आणल्यावर यंत्र सपाट जागी ठेवा. वाटीत पाणी घालून टेबलावर ठेवलं की उतार कळतो. स्पीकर त्याच टेबलावर नको, त्याची थरथर पिनेत शिरते आणि घूं घूं सुरू होतं. आत प्रीअँप असेल तर त्याचं बटण लाइनवर ठेवून वायर आपल्या अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये जोडा. हात आत ढकलायचा नाही, पिनेला बोट लावायचं नाही.

आणि साफसफाईचं एक लक्षात ठेवा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी लावू नका. सुतार चपडी स्पिरिटमध्येच विरघळवतो, तशी तबकडीही विरघळेल. मऊ कोरड्या फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा. तबकड्या आडव्या रचू नका, वह्या-पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

एकटीला यंत्र परवडत नसेल तर गटाने मिळून एक घ्यायला काय हरकत आहे? महिन्यातून एक दुपार ज्या घरी तबकड्या आहेत त्यांनी त्या आणाव्या, वाजवाव्या, मोबाइलवर मुद्रित करून ठेवाव्या. कुणाचं गाणं, कोणत्या घरची तबकडी, कुणी कधी आणली, हे वहीत लिहावं. या तबकड्यांवर अशाही बायका आहेत ज्यांचं नाव आता फक्त त्या गोल लेबलवर उरलं आहे. ते लेबल वाचून, योग्य पिन लावून, ती तबकडी वाजवायचं काम आपल्या हातांना जमण्यासारखं आहे.